सायबाचा सडा

एका थडग्याचा फोटो काढायचा होता. काम एवढंच, आणि तेही दुसऱ्याचं.

मी रत्नागिरीत हायस्कूलला भूगोल शिकवतो. नाव सुजय कीर. राहायला मिऱ्यावर, घरात बायको अक्षया, मुलगी ईशा आणि माझे वडील. वडिलांचं नाव हरिश्चंद्र. बंदर खात्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण माणूस खणखणीत. सकाळचा पेपर मोठ्याने वाचणार, मासेवालीशी हुज्जत घालणार, आणि संध्याकाळी मला यायला जरा उशीर झाला की फाटकाशी येऊन उभे राहणार. माझे केस पिकले तरी त्यांची ती सवय गेली नव्हती.

सुट्टीत मी जुनी दीपगृहं, पडके बुरूज असले फोटो काढून फेसबुकवर टाकतो. त्यावरूनच फियोना कीर या बाईंचा मेल आला. स्कॉटलंडच्या. निवृत्त नर्स, सत्तरी ओलांडलेल्या. पहिलंच वाक्य होतं, ‘आपलं आडनाव एकच आहे.’

मी सरळ कळवलं, बाई, आम्ही भंडारी. कीर हे आमच्यातलं जुनं आडनाव, आणि कीर म्हणजे पोपट. तुमचा-आमचा काही संबंध नाही. त्यावर त्यांनी लिहिलं की ते ठाऊक आहे; पण कॅनडापासून न्यूझीलंडपर्यंत जितक्या कीरांना मी पत्रं घातली, त्यातले बहुतेक गप्पच बसले. तुम्ही उत्तर दिलंत.

त्यांना एक माणूस शोधायचा होता. पणजोबांचा भाऊ, अँड्र्यू. दीपगृहासाठी जागा बघायला तो या किनाऱ्यावर आला आणि तापाने गेला, एवढीच बातमी घरी पोचली होती. त्याच्या जन्माची नोंद त्यांच्या गावच्या चर्चमध्ये होती, मरणाची कुठेच नव्हती. फियोनाबाईंनी लग्न केलेलं नव्हतं. त्यांच्यामागे त्या घराण्यात कुणीच उरत नव्हतं. ‘वंशावळीत त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह आहे,’ त्यांनी लिहिलं होतं, ‘तेवढं पुसून मग जाईन म्हणते.’

इथल्या जुन्या दफनाच्या नोंदी मी पाहिल्या. त्यात अँड्र्यू नव्हता. पण जयगडच्या अलीकडे एक खाडी आहे. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही. तिथल्या एका जमिनीला जुन्या उताऱ्यात ‘सायबाचा सडा’ असं नाव सापडलं. चौकशी केली तर कळलं, वर खरंच एक थडगं आहे.

फेब्रुवारीत बाई आल्या. आमच्याकडेच उतरल्या. दोन दिवसांत ईशा त्यांना फियोनाआत्या म्हणायला लागली, आणि त्यांचा बिनदुधाचा चहा तीच नेऊन द्यायची. अक्षया हसून म्हणाली, “चला, मला एक नणंद मिळाली.” बाबांनी तर त्यांना समोर बसवून आमच्या सात पिढ्या ऐकवल्या आणि मी मध्ये बसून भाषांतर केलं.

मग एका दुपारी आम्ही दोघं गाडीने निघालो.

तुम्ही घाटावरचे, म्हणून सांगतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा माळ. पावसात तो फुलांनी भरतो, पण उन्हाळ्याच्या तोंडावर नुसता काळा कातळ आणि वाळकं गवत. झाड नाही, सावली नाही. चढ संपतो तिथे एक घर होतं. अंगणात म्हातारी काजूच्या बिया वाळत घालत होती. तिचं नाव गंगुबाई.

“कुठनं आलाव?” तिने विचारलं.

“रत्नागिरीहून. या बाईंच्या घरातल्या माणसाचं थडगं बघायचंय.”

तिने बाईंकडे बराच वेळ पाहिलं. मग हातातल्या बिया खाली ठेवल्या.

“जावा. फोटू काडा. पन वर कोनी कायव विचारलान, तं उत्तर देव नका.”

“कोण विचारणार? वर वस्ती आहे का?”

“वस्ती नाय.” ती म्हणाली. “सायब विचारतो. त्येला आपली मानसं हवी... ह्यो मुलूख त्येचा नाय ना.”

मी हे बाईंना हसत हसतच सांगितलं. त्याही हसल्या.

थडगं सड्याच्या पार टोकाला होतं. जांभ्याचा बुटका चौथरा, त्यावर एक काळी शिळा. अक्षरं खाऱ्या वाऱ्याने खाल्ली होती, फक्त आडनाव शाबूत. कीर. आपलं आडनाव परक्या थडग्यावर मी दोनदा वाचलं, ते मी कबूल करतो. खाली खाडीत एक होडी चालली होती. टिटवी ओरडत होती. मी फोटो काढले.

फियोनाबाई गुडघ्यांवर बसल्या. पिशवीतला ब्रश काढून शिळा साफ केली. मग हलक्या आवाजात त्या थडग्याशी बोलू लागल्या. तुझा भाऊ अमुक, त्याचा मुलगा तमुक, अशी एकेक पिढी सांगत त्या स्वतःपर्यंत आल्या. आणि शेवटी, बहुधा आनंदाच्या भरात, माझ्याकडे हात करून म्हणाल्या, “आणि हा सुजय. हाही कीरच आहे.”

टिटवी गप्प झाली.

वारा पडला. आणि त्या रखरखत्या उन्हात मला वास आला, ओल्या लोकरीचा. पावसात भिजलेली घोंगडी बंद खोलीत ठेवली की येतो ना, तसा. आमच्याकडे लोकर कोण वापरतं? मी आजूबाजूला पाहिलं. कातळ, गवत, बाई आणि मी.

“कुणाचा रे तू?”

आवाज अगदी पाठीशी होता. भेसूर वगैरे काही नाही. एसटी स्टँडवर, लग्नात, देवळात कुणीही म्हातारा माणूस विचारतो, तसा. लहानपणापासून हजारदा ऐकलेला प्रश्न. त्याचं उत्तर विचार करून देत नाही आपण, ते आपोआप तोंडात येतं.

“हरिश्चंद्र...” मी म्हणालो, आणि जीभ चावली.

मागे कुणी नव्हतं.

बाईंकडे पाहिलं तर त्यांचे डोळे भरून वाहत होते आणि चेहरा उजळला होता. “ऐकलंस?” त्या म्हणाल्या. “माझ्या आजीच्या बोलीत बोलला तो. मला विचारलं, तू कुणाची?”

“तुम्ही... काय सांगितलंत?”

“खरं ते. डॅनियल कीरची मुलगी.”

मी त्यांना हाताला धरून उठवलं आणि अक्षरशः ओढत खाली आणलं. गंगुबाईच्या घराचं दार लागलेलं होतं. मी थांबलो नाही.

मिऱ्यावर पोचलो तेव्हा दिवे लागले होते. बाबा फाटकाशी उभे होते. त्यांना पाहून मला किती हायसं वाटलं! त्यांनी बाईंना नमस्कार केला, “या, या” म्हणाले. मग माझ्याकडे वळले.

“आणि आपण?”

मला वाटलं, चेष्टा करतायत. “बाबा, भूक लागलीय, आत चला.”

ते अवघडून हसले. परक्या माणसाने सलगी केली की आपण हसतो, तसे. “माफ करा हं... ओळखलं नाही मी. कुणाचे आपण?”

वडिलांनी मला कधी ‘आपण’ म्हटलेलं नव्हतं. रागातसुद्धा.

त्या रात्री आम्ही कुणी नीट जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर, मग तपासण्या. मेंदूचा फोटो वयाच्या मानाने उत्तम होता. बाबांना सगळं आठवत होतं. बंदरावरचे साहेब, आईचं माहेर, अक्षयाच्या हातची सोलकढी, ईशाचा वाढदिवस. डॉक्टरांनी विचारलं, “मुलाचं नाव काय तुमच्या?” “मुलगा आहे मला,” बाबा म्हणाले. “नाव अगदी जिभेवर आहे हो...” मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो.

वयोमानाने होतं असं, डॉक्टर म्हणाले. मीही तेच धरून बसलो. दुसरं काय करणार?

फियोनाबाई परत गेल्या. नंतर त्यांचा मेल आला. पोचल्याचं कळवलं होतं, आभार मानले होते. आणि खाली सहज लिहावं तसं लिहिलं होतं: ‘दिवाणखान्यात एक जुना फोटो आहे. एक माणूस मला कडेवर घेऊन उभा आहे. शेजारीण म्हणते, हे तुझे वडील. असतीलही. मला तो चेहरा मुळीच ओळखीचा वाटत नाही.’

मेल वाचून मी तसाच गाडी काढून खाडीवर गेलो.

गंगुबाई अंगणातच होती. मला पाहताच म्हणाली, “बोललास वाटतं.”

“तोंडातून निघून गेलं, आजी.”

“पुरं की अर्धं?”

“अर्धं. नुसतं वडिलांचं नाव.”

“मंग अर्धंच नेलान.” तिने वर सड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “त्या बायनं पुरं दिलान असल.”

“परत कसं मिळेल?”

“मला काय ठावं, बाबा? परत मागाया कोन गेलाच नाय.” मी वळलो तशी तिने माझा हात धरला. “वर जाव नको... बाप निदान घरात हाय तुझा. तेवड्यावर ऱ्हा.”

मी तेवढ्यावर राहायला हवं होतं. पण रोज सकाळी बाप समोर बसून परक्यासारखं ‘आपण चहा घेतलात का’ विचारतो, हे तुम्ही सोसून बघा. मी हात सोडवला आणि चढून गेलो.

ऊन उतरत होतं. थडग्यासमोर उभा राहिलो आणि जिवाच्या आकांताने ओरडलो, “मी सुजय! हरिश्चंद्र कीरांचा मुलगा! माझं माणूस मला परत दे!”

काही झालं नाही. आवाज कातळावरून खाडीकडे गेला आणि विरला. मी वाट पाहिली. हळूहळू तो वास आला, ओल्या लोकरीचा, आधीपेक्षा जवळून. आणि मग माझ्या कानाशी कुणीतरी बोलू लागलं. मला उद्देशून नव्हे. वर्गात नवं पोर नकाशातलं अवघड नाव पुन्हा पुन्हा म्हणून बघतं ना, तसं, अडखळत, जपून.

“हरिश्... चंद्र... कीरांचा...”

मग जरा थांबून, समाधानाने, “मुलगा.”

तेव्हा मला कळलं मी काय करून बसलो ते. मी धावत सुटलो. उतारावर पडलो, गुडघे फुटले, गंगुबाई दारातून बघत होती.

घरी आलो तर फाटकाशी कुणी नव्हतं. परका झालो तरी इतके दिवस बाबा फाटकाशी उभे असायचेच, कुणाची तरी वाट बघत. आज ते ओटीवर बसले होते, आणि इतके खुशीत होते की अक्षया स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून रडत हसत होती.

“अहो, बाबांना आठवलं,” ती मला म्हणाली. “मघापासून ‘माझा मुलगा आला, माझा मुलगा आला’ म्हणतायत. गाडी यायच्या आधीच ओळखलं बघा तुम्हाला.”

मी ओटीवर गेलो. बाबांनी वर पाहिलं.

“या,” ते म्हणाले. “जरा हळू बोला हं. मुलगा लांबून आलाय. फार दमलाय.”

ओटीवर त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. दोरीवर पंचा वाळत होता. समुद्राकडून वारा येत होता, तरी तो वास हलत नव्हता.

या गोष्टीला आता पावसाळा उलटून गेला. बाबांची तब्येत उत्तम आहे. जेवतात, झोपतात, पेपर वाचतात. फक्त आता हळू आवाजात वाचतात, आणि एक बातमी झाली की थांबून कुणाचं तरी मत ऐकल्यासारखी मान डोलावतात. अक्षया म्हणते, म्हातारपण आहे, सुखात आहेत ना, मग झालं. तिने अजून तो वास आल्याचं कबूल केलेलं नाही, पण ओटी ती दिवसातून दोनदा फिनाईलने पुसते. मी रात्री झोपतो ते बाबांच्या खोलीच्या दाराशी. ते मला तिथे बघून अवघडतात, ‘आपल्याला त्रास’ म्हणतात.

बदलीसाठी अर्ज केला आहे मी. पण बाबा घर सोडायला तयार नाहीत. मुलगा चुकेल म्हणतात.

परवाचीच गोष्ट. संध्याकाळी शाळेतून आलो, बाबांच्या समोर ओटीच्या पायरीवर टेकलो. ईशा आतून ट्रेमध्ये तीन कप चहा घेऊन आली. हल्ली तिला चहा करायला फार आवडतं. एक तिने बाबांना दिला. एक मला दिला. माझा मी तिथेच संपवला, घसा कोरडा पडला होता, म्हणून तिसऱ्या कपाकडे हात नेला.

तिने ट्रे मागे घेतला.

“हा नको घेऊस, बाबा,” ईशा म्हणाली. “ह्यात दूध नाही घातलेलं.”