प्रमोदशेजारची जागा

शिलाई मशीनखालून साडीची लेस सरकत होती, मनात घरच्या भाजीचा विचार चालला होता आणि जयश्रीने सहज मान वर केली, तर दारात रुक्मिणी उभी! मोठी जाऊ. नऊ वर्षांत जिची सावलीही कोसाडच्या वसाहतीतल्या या तिसऱ्या मजल्यावर पडली नव्हती, ती आज भर दुपारी, पायांत दोन वेगवेगळ्या चपला घालून, धापा टाकत जिना चढून आली होती. जयश्रीचा पाय मशीनच्या पॅडलवर तसाच राहिला. "या" म्हणायला तोंड उघडेना आणि "जा" म्हणायचे संस्कार नव्हते.

रुक्मिणी उंबऱ्याच्या आत आलीच नाही.

"जया, त्यासना काही भरोसा नही आते," ती म्हणाली. "डाक्टरनी घर धाडी दिधं. दोन दिन, नही ते तीन दिन."

'त्यासना' म्हणजे तिच्या नवऱ्याचा, धुडकूचा. जयश्रीच्या थोरल्या दिराचा. रंगाच्या वाफा तीस वर्षं छातीत भरून घेतलेल्या त्या माणसाची फुप्फुसं आता उत्तर देऊन बसली होती. ते ऐकून जयश्रीच्या मनात दया आली नाही, आनंदही झाला नाही. पण रुक्मिणी एवढंच सांगायला आली नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत तिने जे मागितलं, ते जयश्रीच्या स्वप्नातही आलं नसतं.

तिने प्रमोदची कबर मागितली होती.

त्यांच्या ख्रिस्ती मंडळीच्या कबरस्तानात नवा खड्डा खणायला आता वीतभर जागा उरलेली नव्हती. गावी न्यावं म्हटलं तर तापीकाठचं गाव उकाईच्या धरणात केव्हाच बुडालेलं, आजे-पणजेसुद्धा पाण्याखाली निजलेले. म्हणून पंचांनी नियम केला होता : काही वर्षं झाली की घरातल्याच माणसाची जुनी कबर उघडायची, तिच्यात दुसऱ्याला ठेवायचं, आणि दोघांनंतर ती कायमची बंद करायची. फक्त ज्याचं माणूस आत आहे, त्याची सही हवी. प्रमोदच्या कबरीतली ती दुसरी जागा जयश्रीची होती. अडतिसाव्या वर्षी विधवा झालेल्या त्या बाईने जगाकडे दुसरं काही मागितलं नव्हतं. कधीतरी थकून जाऊन आपण त्याच्याजवळ निजू, एवढ्या एका आशेवर तिने हजारो साड्यांना लेस लावली होती!

आणि ती जागा द्यायची कोणाला? धुडकूला!

कडोदऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये दोघे भाऊ एकाच खात्यात होते; धुडकू मुकादम आणि प्रमोद त्याच्या हाताखाली. एके दिवशी रंगाच्या मशीनचं झाकण दाब उतरायच्या आत उघडलं गेलं, उकळतं पाणी उसळलं आणि प्रमोद गेला. झाकण कोणाच्या हुकमावरून उघडलं, हे खात्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण चौकशीच्या साहेबापुढे धुडकूने खाली मान घालून सांगितलं की माझा भाऊ त्या दिवशी पिऊन आला होता. ज्याने जन्मात थेंब ओठाला लावला नाही, रविवारी मंडळीत पहिल्या बाकावर बसून जो सर्वांच्या वरच्या पट्टीत गायचा, तो प्रमोद दारुड्या ठरला! पंचांनी त्याच्या दगडावर 'प्रभूमध्ये निद्रिस्त' एवढे दोन शब्दही लिहू दिले नाहीत. मुलगी चैताली तेव्हा बारा वर्षांची होती. रविवारच्या शाळेतून ती रडत आली आणि पुन्हा कधी त्या शाळेत गेली नाही.

"जमणार नाही, आक्का," जयश्री म्हणाली.

रुक्मिणीने हुज्जत घातली नाही. पदराने डोळे पुसले आणि जिना उतरून गेली. तिच्या चपलांचा तो विजोड आवाज जयश्री शेवटच्या पायरीपर्यंत ऐकत राहिली.

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली चैताली संध्याकाळी घरी आली. आईच्या तोंडून सगळं ऐकलं आणि तिने पाठीवरची बॅग जमिनीवर आपटली. मोठेबाबांनी पप्पांचं नाव हिरावून घेतलं, आता त्यांची जागाही हवी का, असं तिने विचारलं. जयश्रीने नाही म्हणून सांगितल्याचं कळल्यावर मात्र ती निवली, आणि आईच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, बस, हा विषय खलास.

पण विषय खलास झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडी मशीनवर घेतली आणि जयश्रीला प्रमोदची आठवण आली. आणि तिच्या लक्षात आलं की प्रमोद आठवायच्या आधी धुडकू आठवतो! प्रमोदचं हसू डोळ्यांपुढे आणावं तर मध्ये चौकशीच्या साहेबाचं टेबल येतं, त्याचं गाणं ऐकावं तर मध्ये ते खोटं वाक्य ऐकू येतं. नऊ वर्षं तिने हा राग पतिव्रतेच्या निष्ठेने जपला होता, रोजच्या प्रार्थनेत क्षमेचं वाक्य आलं की ओठ मिटून घेतले होते. क्षमा केली म्हणजे प्रमोद प्यायला होता हे आपणच कबूल केलं, असा तिचा हिशोब होता... आणि त्या हिशोबाने तिच्याच घरातून तिचा नवरा हद्दपार केला होता. बाई हुशार, पण इतकी साधी चूक तिला नऊ वर्षं कळली नाही.

तिने भिंतीवरच्या क्रूसाकडे पाहिलं. खिळे ठोकणाऱ्यांनी तरी कुठे माफी मागितली होती? कोणी मागायच्या आतच त्याने ती देऊन टाकली होती, तीसुद्धा जीव जात असताना. आज धुडकू आहे. उद्या तो नसेल, आणि हा सगळा राग आपल्याच पदरात पडून राहील, द्यायला माणूसही मिळणार नाही!

जयश्री उठली. साडी अर्धवट तशीच ठेवली, तोंड धुतलं आणि तडक पाळकसाहेबांकडे गेली. ते भले गृहस्थ. कागद पुढे करतानाही त्यांनी तिला दोनदा थांबवलं. नीट विचार करा, ही कबर तिसऱ्यांदा उघडणार नाही, तुमचं पुढे काय, असं त्यांनी कळवळून विचारलं.

"पाळकसाहेब," जयश्री म्हणाली, "पुनरुत्थानाच्या दिवशी प्रभू मला नावानं हाक मारील, की कबरीच्या नंबरानं?"

पाळकसाहेबांनी पेन दिलं. तिने सही केली. बाहेर येऊन ती व्हरांड्यातल्या पायरीवर बसली आणि आपल्या हातांनी आपलीच जागा देऊन टाकलेल्या माणसासारखी पोटभर रडली. मग उठून तिने धुडकूच्या घरी, कडोदऱ्याला जायची रिक्षा धरली.

धुडकू खाटेवर होता. त्या दणकट मुकादमाचा एवढासा देह झाला होता, गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. जयश्रीला पाहताच त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"दादा," ती खाटेजवळ बसत म्हणाली, "मी सही करीसन येल शे. तुम्हले प्रमोदशेजारीच ठेवतीन. आते तुम्हले काही बोलनं व्हई ते बोला, नही ते राहू द्या."

बायकोने काय मागितलं होतं, हे त्याला माहीतच नव्हतं. तो उठायला धडपडला.

"नही... तठे नही. कुठेबी टाका माले, तठे नही." श्वास पुरेना. "मी खोटं बोलनू, जया. प्रमोद पेयेल नव्हता. झाकण उघड असं मीच सांगं त्याले... आणि पानी उसळनं तवय त्याले टाकीसन मी पळी गवू."

नऊ वर्षं जे शब्द ऐकायला तिचा जीव तहानलेला होता, ते आज कानांवर पडले; आणि तिला वाटलं होतं तसा विजय वगैरे काही झाला नाही. समोर फक्त एक भेदरलेला म्हातारा होता. प्रमोद आणि तो लहानपणी एकाच गोधडीत निजायचे, थंडीत थोरला स्वतः उघडा पडून धाकट्यावर पांघरूण ओढायचा, असं सासूबाई सांगायच्या... कुठे गेला असेल तो थोरला? भीतीने त्याला खाऊन टाकलं होतं, आणि ती भीती अजूनही त्याच्या डोळ्यांत जागी होती.

"तुम्हीन करं ते वाईट करं, दादा. मी त्याले बरं नही म्हणस," जयश्री म्हणाली. तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. "पन मी सोडी दिधं. देवाना नाववर सोडी दिधं. आते तुम्हीबी भिवू नका, प्रमोदशेजारीच निजा."

धुडकूने तिचा हात कपाळाला लावला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. मग त्याने स्वतःहून पंचांना बोलावून आणायला लावलं. तीन पंच खाटेभोवती उभे राहिले, आणि त्या माणसाने थांबत थांबत, मध्येच पाण्याचा घोट घेत, सगळं पुन्हा सांगितलं. सांगायला पाऊण तास लागला. एक पंच डोळे पुसत जयश्रीला म्हणाले की आम्हीही तुमचे अपराधी आहोत. रविवारी उपासना सुटायच्या सुमारास धुडकूने शांतपणे प्राण सोडला.

चैताली आईशी दोन दिवस बोलली नव्हती. धुडकूने पंचांपुढे दिलेली कबुली तिला कळली, ती ऐकून ती मुसमुसून रडली, पण सहीबद्दल तिने आईला माफ केलं नाही. सोमवारी सकाळी तिने जयश्रीला गाडीवरून कबरस्तानापर्यंत सोडलं आणि स्वतः फाटकाबाहेरच थांबली.

दगा हा तिथला खड्डे खणणारा म्हातारा. त्याने कबर उघडली आणि खालून विचारलं की घरचं कोण आहे. आधीच्या माणसाच्या अस्थी घरच्यांनीच हातात घ्यायच्या, त्या कापडात बांधायच्या आणि नव्या पेटीच्या पायथ्याशी ठेवायच्या, अशी तिथली रीत. जयश्री पुढे झाली. लग्नातली पांढरी साडी तिने बरोबर आणली होती. ती मांडीवर पसरून ती ओल्या मातीत बसली, आणि दगा एकेक करून जे वर देत गेला, ते दोन्ही हातांनी घेत गेली. मिलमधून आलेली पेटी बंद होती. भाजलेला देह तिला कोणी पाहू दिला नव्हता, निरोपाचा हातही लावू दिला नव्हता. आज नऊ वर्षांनी प्रमोद तिच्या मांडीवर आला होता! मातीने माखलेलं त्याचं कपाळ तिने पदराने हळूच पुसलं. आणि... आणि तिला त्याचं हसू आठवलं, नुसतं त्याचंच, मध्ये कोणीही न येता!

धुडकूची पेटी खाली उतरली. दगाने गाठोड्यासाठी हात वर केला.

"पायाशी नको," जयश्री म्हणाली. "उशाशी ठेवा. भाऊ आहेत ते."

पण गाठोडं दुसऱ्याच कोणीतरी तिच्या हातांतून अलगद उचललं. चैताली केव्हा आत आली, केव्हा तिने सँडल काढले, ते जयश्रीला कळलंच नाही. ती पोरगी दगाचा हात धरून खड्ड्यात उतरली, बापाला छातीशी धरून क्षणभर उभी राहिली, आणि मग तिने ते गाठोडं पेटीच्या उशाशी नीट टेकवून ठेवलं. वर आल्यावर पहिली मूठमाती तिनेच टाकली.

"मोठेबाबा," ती म्हणाली, "आता पप्पांना सोडून पळू नका."

रुक्मिणीने तोंडावर पदर घेतला. माती पडत गेली, खड्डा भरत आला. लोक पांगू लागल्यावर ती जयश्रीजवळ आली आणि कापऱ्या आवाजात म्हणाली की जया, तुझी जागा आम्ही खाल्ली, तू आता कुठे निजशील?

"मला अजून अवकाश आहे, आक्का," जयश्री हातांची माती झटकत म्हणाली. "आधी तुम्ही घरी चला. कालपासून तुमच्या पोटात काही नाही."

आणि रुक्मिणीचा हात धरून ती फाटकाकडे चालू लागली.