शाळेची थाळी कुठे गेली?

"ए दानीएल, टीव्हीसमोरून डोकं काढ! तू काय काचेचा आहेस का?" संस्कृती ओरडली.

"ओरडू नकोस! रिप्ले आहे नुसता. ती बाई काय तुझ्यासाठी पुन्हा फेकणार आहे?"

"रिप्लेमध्ये पुन्हाच फेकतात, शहाण्या!"

अकोले तालुक्यात पाऊस नुसता कोसळत होता आणि कलेक्टरसाहेबांनी शाळांना सुट्टी देऊन टाकली होती. मग काय! आठवीतली ही तीन कार्टी दानीएलच्या घरी ठाण मांडून पॅरिसचं ऑलिंपिक बघत बसली होती. दानीएलची आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. ती ड्यूटीवर गेली की रिमोटचं राज्य यांचंच! संस्कृतीला सगळ्या खेळांमधलं सगळं कळायचं, निदान तिला तरी तसं वाटायचं. पडद्यावर थाळीफेक चालली होती आणि दिशाचा उजवा हात आपोआप तसाच वळत होता.

का नाही वळणार? थाळीफेकीत अख्ख्या शाळेत तिच्या जवळपास फिरकणारं कुणी नव्हतं. पण फेकायला थाळी तर हवी ना! बिचारी चपटा दगड सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळून फेकायची. शाळेची एकुलती एक थाळी गेल्या पावसाळ्यात चोरीला गेली, असं सूर्यभान सर सांगायचे. सर शिकवायचे इतिहास. खेळाचं खातं त्यांच्या गळ्यात पडलं होतं आणि त्यांनी ते गळ्यातच ठेवलं होतं, हातात कधी घेतलं नाही.

परवाच दिशानं विचारलं होतं, "सर, तालुक्याच्या स्पर्धेला माझं नाव द्याल ना?"

"थाळीच नाही, तर सराव कशानं करणार?" सर म्हणाले होते. "आधी थाळी शोधून आण, लगेच नाव देतो!"

चौदा वर्षांखालच्या गटात खेळायचं दिशाचं हे शेवटचं वर्ष होतं. त्या दिवसापासून तिला जेवण गोड लागत नव्हतं.

तेवढ्यात पडद्यावर थाळी अगदी जवळून दाखवली. गोल चकती, कडेला धातूची जाड पट्टी, मधोमध गोल पत्रा.

संस्कृती ताडकन उठली. "अगं, ही तर मी रोज बघते!"

"फेकू नकोस!" दानीएल म्हणाला.

"आईशप्पथ! चिखलात... हां! सूर्यभान सरांच्या गाडीखाली!"

दिशानं तिचा हात घट्ट पकडला. "संस्कृती, हे गमतीत बोलत असशील ना, तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही."

"चल, दाखवते!"

एका छत्रीत तिघं, म्हणजे तिघंही भिजलेली! ग्रामपंचायतीच्या बाजूच्या पत्र्याच्या शेडमागे ती लपली. गावातली मोठी माणसं सध्या रोज ग्रामपंचायतीत टीव्हीवर ऑलिंपिक बघायला जमायची. थोड्याच वेळात सरांची मोटारसायकल फटफटत आली. सरांनी डिकीतून काहीतरी गोल काढलं, चिखलात टाकलं, पायानं सरळ केलं आणि गाडीचा स्टँड त्यावर टेकवला. स्टँड रुतायला नको ना! मग रुमालानं डोकं पुसत ते आत गेले.

तिघं वाकून बघू लागली. धातूची पट्टी, मधोमध पत्रा. थाळीच होती ती!

"हेच चोर!" दानीएल दात-ओठ खात म्हणाला. "काढ आणि पळ!"

"वेडा आहेस का?" संस्कृतीनं त्याला मागे ओढलं. "आपण घेतली तर आपणच चोर ठरू. सगळ्यांसमोर त्यांच्याच तोंडून निघायला हवं."

दिशा कसंबसं म्हणाली, "एक वर्ष मी दगड फेकले रे."

मग डोकी एकत्र आली, कुजबुज झाली आणि दानीएल साळसूद चेहरा करून आत शिरला.

आत सरपंच कारभारीभाऊ तावातावानं बोलत होते. "येवढा मोठा देस आन पदकं बघा! लाज वाटती का न्हाई?"

"जिद्दच नाही हो पोरांमध्ये!" सूर्यभान सरांनी भज्याचा तुकडा मोडला. "आयतं पाहिजे सगळं. आमच्या शाळेत बघा ना, एक तरी पोरगं मैदानावर घाम गाळतं का?"

दानीएलची कानशिलं तापली होती, पण त्यानं गोड आवाज काढला. "सर, थाळीफेकीतली थाळी कशी असते हो?"

"बघा, हे आठवीत!" सर मंडळींकडे बघून हसले. "अरे, गोल असते. कडेला धातूची पट्टी, मधोमध पत्रा. बायकांची एक किलोची. सामान्य ज्ञान वाढवा जरा!"

"म्हणजे स्टँडखाली ठेवतात, तशी?"

"स्टँडखाली?"

बाहेर दोघी मुलींनी गाडी रेटून सरळ केली, थाळी ओढून काढली आणि गाडी पुन्हा स्टँडवर टेकवली. स्टँड बसला चिखलात आणि गाडी धाडकन आडवी!

सगळी मंडळी दाराशी धावली. दिशा पायरीवर उभी होती. हातातल्या थाळीवरून चिखल ओघळत होता. पट्टी एका बाजूनं सुटली होती आणि आतल्या लाकडाला मोठी चीर गेली होती.

"सर, थाळी सापडली," ती म्हणाली.

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. "अरेच्चा! ही ती होय? मला वाटलं, कसलं तरी झाकण आहे. खेळाच्या सामानाच्या खोलीत नुसतं पडलं होतं, म्हणून मीच..."

"मास्तर, चोर तर तुमीच निगाले की!" कारभारीभाऊ गडगडाटी हसले. सगळेच हसले. सरही हसले! एका वर्षाची गोष्ट दोन मिनिटांत हसण्यावारी गेली. दिशाच्या अंगाची मात्र लाही लाही झाली.

"शाब्बास रे पोरांनो! लई हुशार!" सरपंचांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. "आरं, ह्यांना भजी द्या गरमागरम! असली पोरं हायेत म्हनून गावाचं नाव हाय!"

"सर," दिशा म्हणाली, "आता माझं नाव द्याल ना? तुम्ही म्हणाला होतात."

सर रुमालानं मान पुसू लागले. "अगं, नावं तर गेल्या आठवड्यातच गेली. कबड्डीची मुलं कळवली तेवढी."

"पण तुम्ही परवा म्हणालात, थाळी शोधून आण, लगेच नाव देतो!"

"म्हणालो गं. मला काय माहीत, तू खरंच शोधून आणशील!"

संस्कृतीच्या तोंडून चक्क शिवी निघणार होती. दानीएलनं तिचा दंड दाबला. "फोन करा ना, सर!" तो म्हणाला. "एकच तर नाव आहे!"

"यादी बंद झाली, बाळ. आता कुणी ऐकत नाही. पुढच्या वर्षी नक्की!"

"पुढच्या वर्षी मी या गटात नसेन," दिशा म्हणाली. तिनं डोळ्यांतून टिपूस काढलं नाही.

कारभारीभाऊंना कसंतरीच झालं असावं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आसं तोंड नको पाडू, पोरी. येवढं काम केलंस! माग, काय बक्षीस पायजे तुला? सरपंच देतो म्हनला की देतो!"

"माझं नाव पाहिजे," दिशा म्हणाली.

कारभारीभाऊंनी सरांकडे पाहिलं. सरांनी जमिनीकडे पाहिलं.

"त्ये सोडून काय पन माग!" सरपंच म्हणाले.

"मग काही नको." दिशानं ती फुटकी थाळी सरांच्या हातात दिली आणि ती पावसात चालू लागली. संस्कृती आणि दानीएल भज्यांना हातही न लावता तिच्यामागे निघाली.