फळीचं दुसरं टोक

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण हे माझ्या सख्ख्या मामाच्या घरात घडलंय आणि यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

आणि मध्यरात्र, अमावस्या असलं काही शोधू नका. सगळं भर दुपारी घडलं. बाहेर लख्ख ऊन, शेजारणीचे कपडे दोरीवर वाळतायत, अशा वेळी.

जागा म्हणजे मामाचं गॅरेज. घराला अगदी लागून. त्याचं एक दार स्वयंपाकघरात उघडतं आणि गल्लीच्या बाजूला लोखंडी शटर आहे. शटरचं कुलूप आतून-बाहेरून दोन्हीकडून उघडतं, पण ते कायम लावलेलं असतं, एवढं लक्षात ठेवा.

मामा सुतार. फर्निचरच्या कारखान्यात उभं आयुष्य गेलं. तिथे त्याच्या समोरच्या बाकड्यावर त्याचा दोस्त काम करायचा. तो डावखुरा, म्हणून सगळे त्याला डावऱ्या म्हणायचे. मामा आणि डावऱ्या म्हणजे एका फळीची दोन टोकं, असं कारखान्यात गमतीनं म्हणत. लांब फळी उचलायची झाली की एकानं मान हलवायची आणि दुसऱ्यानं दुसरं टोक धरायचं. बोलायची गरजच पडायची नाही.

कारखाना बंद झाला तेव्हा दोघांनी ठरवलं. मामाच्या गॅरेजात दोन बाकडी बांधायची, समोरासमोर. हातपाय चालतायत तोवर काम करायचं.

आता सुताराचं बाकडं म्हणजे नुसतं टेबल नव्हे. ते माणसाच्या अंगाच्या मापानं बनतं. सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचे, मनगट जिथे येईल तिथवर उंची. लाकूड पकडणारा व्हाइस उजव्या हाताच्या माणसाला डाव्या टोकाला लागतो, डावखुऱ्याला उजव्या. मामा म्हणतो, दुसऱ्याच्या बाकड्यावर काम करणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून पेपर वाचणं.

लाकूड आलं. कारखान्याच्या जुन्या दारांचं, टणक. गॅरेज झाडून झालं.

आणि मामाला हार्टचं ऑपरेशन सांगितलं.

मामा बरेच दिवस हॉस्पिटलात होता. सुरुवातीला डावऱ्या रोज यायचा. मग अचानक यायचा बंद झाला.

मामा घरी आला, तरी नाही.

फोन नाही, निरोप नाही.

"अहो, ते लेकीकडे गेले," मामी म्हणाली. "तिकडेच काम मिळालंय म्हणे. आता तिकडेच राहणार."

"मला न सांगता?"

"घाईत होते."

दुसऱ्या दिवशी मामा काठी टेकत गॅरेजात गेला. तिथे एका बाकड्याचे पाय उभे होते. मामाच्याच मापाचे. एक जोड अर्धवट, सरस तसाच वाळलेला. सरसाचा डबा उघडा आणि आत दगड झालेला.

मामाच्या मनाला सगळ्यात जास्त तो डबा लागला. इतकी वर्षं एकत्र काम केलं, डावऱ्यानं सरसाचा डबा कधी उघडा टाकला नव्हता. म्हणजे माणूस किती बेपर्वाईनं गेला असेल. हातातलं काम टाकून, पाठ फिरवून.

"केसानं गळा कापला," मामा येईल त्याला सांगायचा. "मी तिकडे छाती उघडून पडलोय आणि हा आपली सोय बघतोय. गरज सरो, वैद्य मरो."

कारखान्यातले जुने लोक भेटायला यायचे. चहा प्यायचे, मान हलवायचे, विषय बदलायचे.

मामेभाऊ तर डावऱ्याचं नाव निघालं की उठूनच जायचा.

शेवटी मामानं ठरवलं, गेला उडत. मी माझं एकट्याचं बाकडं बांधतो. डॉक्टरांनी जड उचलू नका आणि दुपारी झोपा, असं बजावलं होतं. म्हणून सकाळी थोडं थोडं काम करायचं आणि जेवून आडवं व्हायचं.

अशाच एका दुपारी...

मामाला जाग आली ती आवाजानं.

सर्रर्र... सर्रर्र...

रंधा मारल्याचा आवाज. एकसारखा, न घाई न ढिलाई. असा हात मामानं आयुष्यात एकाच माणसाचा ऐकला होता.

तो उठून गॅरेजच्या दाराशी गेला. कडी काढली.

आवाज थांबला...

आत कुणी नव्हतं. शटरला कुलूप जसंच्या तसं. बाकड्यासाठी ठेवलेली फळी मात्र एका बाजूनं आरशासारखी गुळगुळीत झाली होती. रंधा पडला होता तो मामा ठेवतो त्याच्या बरोबर उलट बाजूला. मामानं पात्याला बोट लावलं.

पातं कोमट होतं.

तुम्ही-आम्ही पळत सुटलो असतो. मामा भडकला. त्याला भुताबिताचा विचार शिवलाही नाही. डावऱ्याकडे शटरची एक किल्ली होती, त्याला वाटलं, बेटा परत आलाय. लेकीकडे जमलं नसेल, आता तोंड दाखवायला लाज वाटते म्हणून चोरासारखा येतोय.

संध्याकाळी त्यानं मामीला सांगितलं. मामीच्या हातातला चमचा पातेल्यात पडला.

"उंदीर असतील," ती म्हणाली.

"उंदराला रंधा मारता येतो होय? मग त्यालाच कामाला ठेवतो."

मामी हसली नाही. दुसऱ्याच दिवशी तिनं शटरचं कुलूप बदलून घेतलं.

त्यानं काही फरक पडला नाही.

रोज दुपारी... सर्रर्र... सर्रर्र...

रोज थोडं काम पुढे गेलेलं. अर्धवट जोड घट्ट बसलेला. व्हाइस बसवण्यासाठी भोकं पाडलेली, तीही डाव्या टोकाला. म्हणजे काम डावखुऱ्याच्या हातचं, पण बाकडं मामासाठी.

"उपकार नकोत तुझे," मामा रिकाम्या गॅरेजात ओरडला. "पाठीत सुरा खुपसायचा आणि वर मलम लावायचं? हिंमत असेल तर समोर ये."

तेव्हा आत एवढं शांत झालं की त्याला स्वतःच्या छातीची धडधड ऐकू आली.

मग बाकड्याची पाठ, म्हणजे वरची फळी, चढवायचा दिवस आला. ती म्हणजे चांगली जाडजूड, दोन माणसांचं काम. मामेभावाची वाट बघ, असं मामी सकाळपासून सांगत होती. पण मामा म्हणजे मामा. जेवण झालं आणि झोपायचं सोडून तो थेट गॅरेजात गेला. जमिनीवर पडलेल्या त्या फळीचं एक टोक त्यानं धरलं. श्वास घेतला. सवयीनं मान हलवली.

आणि उचललं.

फळी सरळ वर आली. अगदी सपाट, पाण्यासारखी.

"हळू रे," मामा म्हणाला. "थोडं तुझ्याकडे घे... हां... टेक."

फळी पायांवर बसली. टक्.

मामानं घाम पुसला. बरं वाटलं त्याला. उभ्या आयुष्यात असंच होत आलं होतं.

मग त्यानं मान वर केली...

दुसऱ्या टोकाला कुणीही नव्हतं.

मागे स्वयंपाकघराच्या दारात मामी उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. चेहरा पांढराफटक. ती मामाकडे बघतच नव्हती. फळीच्या दुसऱ्या टोकाकडे बघत होती.

"भावजी," ती हात जोडून म्हणाली, "यांना सोडा. चूक माझी आहे."

मामा गर्रकन वळला.

"तू कुणाशी बोलतेयस?"

मामी खाली बसली आणि तिला रडू फुटलं. डावऱ्या लेकीकडे गेलाच नव्हता. तो याच गॅरेजात गेला होता. मामा घरी यायच्या आत त्याचं बाकडं उभं करायचं म्हणून रोज दुपारी येऊन काम करत होता. हातात सरसाचा ब्रश असतानाच कोसळला. मामी हॉस्पिटलातून परत आली तेव्हा तो थंड पडला होता.

"धक्का देऊ नका म्हणाले होते डॉक्टर. वाटलं, जरा बरे झालात की सांगू. पण तुम्ही त्यांच्यावर चिडलात आणि त्या रागात जेवायला लागलात, चालायला लागलात. मला वाटलं, दुःखापेक्षा राग बरा."

"कुणाकुणाला माहीत होतं?"

"सगळ्यांना."

मामानं फळीच्या दुसऱ्या टोकावर हात ठेवला.

"मी त्याला नाही नाही ते बोललो," तो म्हणाला. "तुझ्यासमोर. आणि तू माझ्या ताटात भाजी वाढत होतीस."

त्या दिवसापासून मामाचा कुणावर विश्वास बसेना. मुलगा खोटा, मित्र खोटे, बायको खोटी. आपलं म्हणून ज्यांच्याकडे बघावं त्यांनीच त्याला मूर्ख बनवलं होतं, आणि ज्याला तो फितूर समजला तोच एकटा शब्दाला जागला होता.

मग त्यानं दुसरं बाकडं बांधायला घेतलं. थोडं बुटकं, व्हाइस उजव्या टोकाला. झालं तेव्हा आपल्या बाकड्यासमोर लावलं. आता तो दुपारी झोपत नाही. गॅरेजात जातो आणि आतून दार लावून घेतो. मामीला स्वयंपाकघरात त्याचं बोलणं ऐकू येतं. एक वाक्य बोलतो, थांबतो. कुणीतरी उत्तर द्यायला जेवढा वेळ लागेल, तेवढाच थांबतो... मग पुन्हा बोलतो.

मी मध्यंतरी त्यांच्याकडे गेले होते. मी आणि मामी भाजी निवडत बसलो होतो. आतला आवाज बंद झाला, दार उघडलं आणि मामा बाहेर आला. शांत होता. तेच जास्त वाईट.

"तो पडला तेव्हा तू घरातच होतीस," तो मामीला म्हणाला.

मामीनं हातातली भाजी खाली ठेवली.

"त्यानं तुला वहिनी म्हणून हाक मारली. तू इथूनच 'आल्यावर बघते' म्हणालीस आणि माझा जेवणाचा डबा घेऊन निघून गेलीस. तेव्हा तो जिवंत होता."

एवढं बोलून तो परत आत गेला. कडी लागल्याचा आवाज आला.

मला आधी वाटलं, मामाचं डोकं फिरलंय.

"खरंय," मामी कुजबुजली. "धप्प आवाज आला होता. मला वाटलं, फळी पडली असेल, उचलायला बोलावतायत. हॉस्पिटलला उशीर होत होता. मी तेच म्हणाले. अगदी तेच शब्द." ती माझ्याकडे बघायला लागली. "पण मी हे कुणालाच सांगितलं नाही गं. पोटच्या पोरालासुद्धा नाही."

निघताना मी मामाला दारात गाठलं. तुला हे कुठून कळलं, म्हणून विचारलं.

"त्यानं माझ्यापासून कधी काही लपवलंय का?" मामा म्हणाला.

दोघं अजून एकाच घरात राहतात. मामी स्वयंपाक करते, मामा ताट घेऊन गॅरेजात जातो. मला फोन केला की मामी एकच विचारते, आज ते आत काय बोलत असतील गं. मी विषय बदलते.