शेगडीची झडप

पुस्तकांचा बाइंडर टेबलावर डोकं टेकून बसला होता. गाल झोपलेल्या पोरासारखे गुलाबी. अंग मात्र थंडगार.

"मीच मारलं हो दादाला," उंबऱ्यातून त्याची बहीण म्हणाली. "बांधणीचा सरस पातळ राहावा म्हणून मीच शेगडी पेटवली आणि झोपायला गेले."

इन्स्पेक्टर शेगडीपाशी उकिडवे बसले. खालची हवेची झडप गच्च बंद. वर कोळशाचा ढीग, बराचसा अजून काळाच. खिडकीही बंद.

"हे असंच ठेवलं होतं, ताई?"

"नाही हो! झडप, खिडकी दोन्ही उघडी. कोळसे मोजकेच. चिमट्यानं एकेक घालते." तिनं वाकडी झालेली बोटं पुढे केली. "कोळशाची बादली उचलवते कुठे मला?"

"ताई, का जिवाला लावून घेतेस?" धाकटा भाऊ मध्येच बोलला. "साहेब, थंडी वाजली, दादानं कोळसे ओतले असतील. मी पलीकडे घोरत होतो. या खोलीत पाऊल नाही टाकलं."

इन्स्पेक्टरांनी मृताचे तळहात उलटे केले. सरसाचे डाग होते; काजळीचा ठिपकाही नव्हता.

"दादा कोळशाला हात लावायचे?"

"छे! कोऱ्या कागदाला डाग पडेल ना. म्हणायचा, 'काळं खातं तुझं, पांढरं माझं.'" ती हसली आणि हसता हसताच रडू लागली.

इन्स्पेक्टर उठले.

"कोळशाला पोटभर हवा मिळाली की होतो कार्बन डायऑक्साइड. उघड्या खिडकीतून निघून जातो. हवा तोडली, वर ढीग रचला, की त्याच कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. ना वास, ना रंग. माणूस बसल्या जागी जातो, गाल गुलाबी राहतात. म्हणजे दादांचा डोळा लागल्यावर कुणीतरी बादली ओतली, झडप लावली, खिडकी ओढली. दादा कोळशाला शिवत नव्हते. ताईंना बादली उचलवत नाही. घरात तिसरं कोण होतं?"

धाकट्याच्या मुठी आपोआप मिटल्या. इन्स्पेक्टरांनी त्या उघडल्या. नखं काळी होती.

"घर विकू देत नव्हता," तो पुटपुटला. "आयुष्यभर मला इथेच कोंडणार होता."

शिपायानं त्याला बाहेर नेलं.

"ताई, तुमच्या हातून काही झालं नाही," इन्स्पेक्टर हळूच म्हणाले. "तुमची शेगडी निर्दोष होती."

"देवाची कृपा," ती म्हणाली. मग रिकाम्या घराकडे बघत राहिली. "पण साहेब, आता मी कुणासाठी उठायचं?"

इन्स्पेक्टरांनी टोपी काढली आणि तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसले.