अर्धीचं अख्खं गाणं

“कोणत्या कानानं कमी ऐकू येतं?”

काउंटरमागच्या म्हाताऱ्या काकांनी हे इतक्या मोठ्यानं विचारलं, की दारात धापा टाकत उभी असलेली ती दचकलीच. टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, नाकातोंडावर रुमाल. बाहेर फुटपाथवर कॉलेजच्या मुलींचा घोळका मोबाईल उंचावून ‘अगं, इकडेच वळली ती!’ म्हणत तिला शोधत होता. दुकान कसलं आहे हे वाचायला सवड कुणाला? दिसलं दार, घुसली आत. आता मान वर करून बघते, तर भिंतीवर हा भला मोठा कान रंगवलेला!

“मी... म्हणजे मला...”

“काय?” काकांनी स्वतःच्या कानामागचं यंत्र चाचपलं.

“उजव्या!” ती ओरडली. सुचलं ते बोलून मोकळी.

“उजवा कान रे,” काकांनी आतल्या खोलीकडे हाळी दिली. “तरणीताठी मुलगी आहे. बिचारी!”

आता ही बिचारी कोण, ते सांगून टाकते. ‘चिवचिव’ हे नाव ऐकलं नाही असं घर गेल्या सहा वर्षांत सापडणं कठीण. चार मुली, चार रंगांचे झगमगीत फ्रॉक, आणि एकदा डोक्यात शिरली की आठवडाभर न निघणारी गाणी. मास्तरीण पुढे उभी राहून गायची, ढमी नाचायची, लांबी वरचे सूर लावायची. आणि अगदी डाव्या टोकाला उभी असायची ती आपली ही. हिचं काम खालचा सूर धरायचं. तो कुणाला वेगळा ऐकू येत नाही, पण काढून घेतला की गाणं पोकळ वाटतं. ओळीसुद्धा वाटून घेतलेल्या. अर्धी ओळ हिची, पुढची लांबीची. एवढी वर्षं अशी गेल्यावर बोलणंही तसंच झालं तर नवल काय? हिनं “ए, मला तो...” म्हटलं की एकीनं टॉवेल फेकायचा. “आज ना, मला...” म्हटलं की दुसरी म्हणणार, “झोप येतेय, माहितीये.” वाक्य पुरं करायची वेळच कधी आली नाही. तिघी तिला ‘अर्धी’ म्हणायच्या. घरी बाबा ‘अर्धवट’ म्हणायचे, पण ते लाडानं.

मग मास्तरीण लग्न करून मोकळी झाली, ढमीला सिनेमा मिळाला, लांबीनं सोडलेलं शिक्षण पुन्हा हातात घेतलं. भांडण नाही, तंटा नाही. डोळे सुजेपर्यंत रडून चौघी वेगळ्या झाल्या. उरली अर्धी, आणि तिचा तो पहिलावहिला एकटीचा कार्यक्रम.

तर, आतल्या खोलीतून बाह्या दुमडलेला निळा शर्ट घातलेला एक तरुण आला. त्यानं तिला काचेच्या छोट्या केबिनमध्ये बसवलं, कानांवर हेडफोन चढवले. बाहेर तो घोळका अजून उभाच होता, त्यामुळे तीही गुपचूप बसली.

“आवाज आला की बटण दाबायचं. कितीही बारीक असला तरी.”

टूं... तिनं बटण दाबलं. टूं... पुन्हा दाबलं. बराच वेळ हे चाललं. मग त्यानं दार उघडलं, आणि तो काहीतरी विचारावं की नको अशा चेहऱ्यानं बघत राहिला.

“कान ठणठणीत आहेत तुमचे. पण एक सांगा, तुम्ही यंत्राला साथ का करत होतात?”

“मी?”

“यंत्र टूं म्हणतं, तुम्ही बटण दाबता आणि त्याच्याखाली वेगळाच सूर लावता. दर वेळी. इतक्या लोकांचे कान तपासले, पण यंत्राबरोबर गाणारं आजवर कुणी आलं नव्हतं.”

तिला हसूच फुटलं. रुमाल घसरला, टोपी मागे सरली. तो ओळखेल म्हणून तिनं घाईनं चेहरा झाकला, पण त्याच्या चेहऱ्यावर ओळखीची खूणसुद्धा नाही!

“मी ना, खरं तर बाहेर त्या मुली... म्हणून जरा...”

आणि ती सवयीनं थांबली. दुसरा कुणीही असता तर म्हणाला असता, ‘लपायला आलात होय!’ आणि विषय संपला असता. हा मात्र गप्प. घाई नाही, चुळबुळ नाही, तिच्याकडे बघत निवांत बसलेला.

“...म्हणून जरा लपायला आले होते,” ती एकदाची म्हणाली.

“मग तसं सांगायचं ना! मागे दार आहे.” तो हसला. हसताना त्याचा उजवा गाल जरासा आत जायचा. ती मागच्या दारानं गल्लीत आली तेव्हा भुरभुर पाऊस सुरू होता, आणि तो आपल्या अंगावर पडतोय हे तिच्या बऱ्याच वेळानं लक्षात आलं.

चार दिवसांनी ती पुन्हा दुकानात हजर! या वेळी खरं काम घेऊन, बरं का. निदान तिनं स्वतःला तरी तसंच सांगितलं होतं.

“काका, मला मापाचं कानातलं करून हवंय.”

“दुकान चुकलीस, पोरी. सोनार पलीकडच्या रस्त्याला.”

“तसलं नाही हो! स्टेजवर गाताना कानात घालतात ते. त्यातून वाजंत्री ऐकू येते. माझं सारखं निसटतं.”

“अच्छा, गाणारी आहात,” आतून आवाज आला. “तरीच यंत्राला साथ! पण मी गाणी फारशी ऐकत नाही. दिवसभर टूं टूं ऐकल्यावर शांतता बरी वाटते.”

सहा वर्षांत तिला इतकी आनंदाची बातमी कुणी दिली नव्हती.

कानाचं माप घ्यायचं म्हणजे कानात गुलाबी मऊ लगदा भरायचा आणि तो घट्ट होईपर्यंत स्वस्थ बसायचं. त्यानं दोन्ही कान भरले. जग एकदम गप्प झालं. त्याचे ओठ हलले, पण ऐकू काही येईना. तो अगदी जवळ, तिच्या कानाच्या पाळीवर एक बोट टेकवून उभा होता. ते बोट गारेगार होतं. आणि मग ती, अगदी मनातल्या मनात म्हणावं तसं, स्वतःशी पुटपुटली, “हात किती गार आहेत याचे... पण आवडतोय मला हा. फारच आवडतोय.”

कान बंद असले की आपण पुटपुटतोय की बोंब मारतोय हे कळत नाही. हिनं तर दुकान दणाणून सोडलं होतं.

त्याचं बोट थबकलं. आधी त्याची मान लाल झाली, मग कान, मग कपाळ. काउंटरवर काका पोट धरून हसत होते. लगदा निघाला तेव्हा पहिलं वाक्य कानावर पडलं ते त्यांचंच. “यंत्र काढून ठेवलं होतं मी! तरी शब्द न् शब्द ऐकू आला!”

तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पर्स उचलून ती दाराकडे पळाली.

“ऐका तरी,” तो म्हणाला. “गुरुवारी तयार होईल. घालून बघायला यावं लागेल. आणि... मी हातमोजे घालीन.”

“नको,” ती दारातूनच म्हणाली. “म्हणजे, हातमोजे नकोत.”

मग काय, गुरुवार झाला, त्याच्या पुढचाही झाला. कानातलं कधी जरा सैल वाटायचं, कधी जरा घट्ट. “इतकी नखरेल गिऱ्हाइकं परवडत नाहीत आम्हाला,” तो म्हणायचा, आणि सोबत चहा सांगायचा. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. तिनं त्याचं नाव मोबाईलमध्ये ‘कानवाला’ म्हणून घातलं. आणि तिच्या लक्षात आलं, की त्याच्याशी बोलताना तिला प्रत्येक वाक्य स्वतःच तडीला न्यावं लागतं.

“तू कधीच माझं वाक्य पुरं करत नाहीस,” एकदा ती चिडून म्हणाली. “कळलेलं असतं तुला, तरी मख्खासारखा बसतोस!”

“धंद्याची सवय.” त्यानं काकांकडे बघून आवाज उगाच बारीक केला. “काकांना ऐकू येईनासं झालं तेव्हा ते बोलताना अडखळायचे. काकू मायेनं त्यांचं प्रत्येक वाक्य पुरं करायची. वर्षानुवर्षं. काकू गेली, आणि काकांचं बोलणंच बंद झालं. वाक्य कुठे न्यायचं हेच ते विसरले होते. मग मी त्यांना दुकानात आणून बसवलं आणि नुसता थांबायला लागलो. कितीही वेळ लागू दे.”

“आता थांबत नाहीत ते!”

“आता मीच कानात बोळे घालायच्या विचारात आहे.”

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. “कार्यक्रमात शेवटी आमचं ते गाजलेलं गाणं आहे. ‘खिडकीत बघ जरा, मी आलेय केव्हाची.’ शेवटची ओळ. मी ‘मी’पाशी थांबते रे. दम असतो, सूर असतो, पण गळा मिटतो. पुढचं लांबीचं आहे ना! मॅनेजरताई म्हणतात, नाही जमत तर पुढचं आपण जुन्या रेकॉर्डिंगमधून वाजवू, कुणाला कळणार आहे? पण तसं केलं ना, तर मी जन्मभर...”

तो थांबला. तीही थांबली. खूप वेळानं म्हणाली, “तर मी जन्मभर डाव्या टोकालाच उभी राहीन.”

“मग?”

“मग काय! भीती वाटते.”

“वाटू दे,” तो म्हणाला, आणि त्यानं आपला गार हात तिच्या हातावर ठेवला. काकांनी शहाण्यासारखं भिंतीकडे तोंड केलं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत मास्तरीण, ढमी आणि लांबी एकमेकींचे हात धरून बसलेल्या, त्यांच्या शेजारी काका, आणि काकांच्या शेजारी इस्त्रीचा निळा शर्ट. स्टेजवर जायच्या आधी तिनं मॅनेजरताईंना गाठलं.

“ताई, शेवटच्या ओळीचं रेकॉर्डिंग लावायचं नाही.”

“वेड लागलंय का तुला? अडकलीस तर?”

“अडकले तर अडकले. सगळ्यांसमोर अडकेन.”

ताईंनी कपाळाला हात लावला, पण आवाजवाल्याला निरोप धाडला.

गाणी रंगत गेली. डाव्या टोकाला उभं राहायची सवय असलेली ती मुलगी स्टेजभर बागडली. आणि मग ते गाणं आलं. हजारो माणसं उभी राहून डोलायला लागली. शेवटची ओळ आली.

“खिडकीत बघ जरा, मी...”

आणि थांबली! वाद्यं थांबलेली, दिवा फक्त तिच्यावर. एक क्षण गेला, दुसरा गेला. लोकांना काय, ओळ तोंडपाठ! मागच्या रांगेतून कुणीतरी मायेनं सुरू केलं, “आलेय...” की लगेच सगळं सभागृह उचलून धरायला लागलं.

तिनं हात वर केला.

“थांबा ना!” ती माईकमध्ये म्हणाली, लहान मुलीनं हट्ट करावा तशी. “माझी ओळ आहे. मला म्हणू द्या!”

प्रचंड हशा पिकला. मग हळूहळू सगळे गप्प झाले. इतके, की वरच्या पंख्याची घरघर ऐकू यावी. कुणी तिच्या मदतीला येईना, कुणी खाकरेना. सगळं सभागृह वाट बघत होतं. तिनं पहिल्या रांगेकडे पाहिलं. तो नेहमीसारखाच बसला होता, निवांत, जणू त्याला दुसरं काही काम नाही.

तिनं श्वास घेतला. “खिडकीत बघ जरा, मी आलेय केव्हाची.” अख्खी ओळ! सुरुवात तिची, शेवटही तिचा. शेवटचा सूर तर तिनं असा लांबवला, की लांबीनं पुढच्या रांगेत भोकाड पसरलं.

नंतर मेकअपच्या खोलीत नुसता कल्ला चालला होता. तिघी तिच्या गळ्यात पडून रडत-हसत होत्या, काका फुलांच्या गुच्छात दडून गेले होते, मॅनेजरताई “मी म्हणतच होते, जमेल तिला!” असं सांगत फिरत होत्या. तो दाराशी अवघडून उभा होता. तिनं त्याला पाहिलं, गर्दीतून वाट काढली, आणि त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली,

“ऐक, मला तू...”

“आवडतोस!” मागून तिघी एका सुरात ओरडल्या.

ती गर्रकन वळली. “चूक! साफ चूक! कुणी सांगितलं होतं मध्ये तोंड घालायला? ते तर मी दुकानात सगळ्या रस्त्याला ऐकवलंय. माझं वाक्य वेगळंच आहे.”

तिघींनी तोंडावर हात ठेवले. ती पुन्हा त्याच्याकडे वळली.

“मला तू लग्नाचं विचारणार आहेस, की मीच...”

“हो!” तो म्हणाला. “हो, हो! विचार! नाही, मी विचारतो! म्हणजे, हो!”

खोलीत हास्याचा स्फोट झाला. काकांनी गुच्छातून मान बाहेर काढली. “काय म्हणाला? हो म्हणाला का?”

“अरे, थांब की!” ती दोन्ही हातांनी त्याचे गार हात धरून ओरडली. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि तोंडभर हसू. “अजून संपलं नाही माझं!”