सामन्याच्या दिवशी मागे उरलेली दोघं

अंतिम सामन्याच्या दुपारी आमचं अख्खं ड्रमकील गाव डब्लिनला गेलं होतं. औषधाचं दुकान उघडं ठेवायला मागे राहिले ती मी, दुकानाची मालकीण डर्व्हला... आणि लंगडत दुकानात शिरला तो एंडा गिल्हीनी!

मी दचकलेच. चौदा वर्षं काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, गेलिक फुटबॉल संघात बचावाला उभा राहिलेला माणूस, आणि आज इथे? गुडघ्यानं दगा दिला म्हणून गेल्या हिवाळ्यात त्यानं खेळ सोडला होता. चौदा वर्षांत एकही करंडक नाही. आणि तो बाहेर पडला त्याच वर्षी संघ पहिल्यांदा अंतिम फेरीत पोचला होता.

"गुडघ्यासाठी काहीतरी द्या," तो म्हणाला. "आणि... तो रेडिओ बंद कराल?"

मी केला. गोळ्या काउंटरवर ठेवल्या, तरी त्याचा पाय निघेना.

"तुम्ही नाही गेलात सामन्याला?"

"मला खेळातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही नेमकं करायचात काय?"

"समोरच्या संघातल्या एका माणसाला सत्तर मिनिटं चिकटून राहायचं. श्वास घेऊ द्यायचा नाही."

"अगं बाई! तुमच्या बायकोचं कठीणच आहे."

"बायको नाही—" तो पहिल्यांदा हसला. "एवढा वेळ कुणी चिकटूच दिलं नाही."

मी लाजून काहीतरी बोलणार, तोच चर्चच्या म्हाताऱ्या रखवालदारानं घंटा बडवायला सुरुवात केली. जिंकले होते! एंडाचा चेहरा पांढराफटक पडला. "छान झालं," एवढंच पुटपुटून तो निघून गेला. गोळ्या तिथेच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्या द्यायला मी त्याच्या घरी गेले. मग तो चालवायचा तो दुधाचा टँकर रोज माझ्या दुकानासमोर थांबवू लागला. आम्ही तळ्याकाठी फिरायचो. त्याची वाकडी झालेली बोटं हातात घेऊन मी विचारायची, "हे कुणी मोडलं? आणि हे?" तो हौसेनं सांगायचा... आणि मधेच गप्प व्हायचा. मग दोन-दोन दिवस शब्द नाही.

नोव्हेंबरात एका रविवारी दुपारी गावच्या सभागृहात विजयी संघाचा सत्कार झाला. कर्णधार फियाक्रानं एंडाला मंचावर ओढलं. "हा करंडक याचाही आहे!" सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. एंडानं करंडक क्षणभर धरला, खाली ठेवला आणि मागच्या दारानं बाहेर पडला.

मी धावले. तो पावसात भिंतीला टेकून उभा होता.

"डर्व्हला, त्या दिवशी ना... ते हरावेत म्हणून मी देवाला विनवत होतो. माझीच पोरं! फियाक्राला तर मी शिकवलं."

"माहीत आहे मला. घंटा वाजली तेव्हा तुझा चेहरा पाहिला होता मी."

"आणि तरी तू दुसऱ्या दिवशी आलीस?"

"म्हणूनच आले. इतकं एकटं माणूस मी कधी पाहिलं नव्हतं. तेव्हापासूनच माझा जीव तुझ्यावर..."

त्यानं चेहऱ्यावरचं पाणी पुसलं.

"मी यातून बाहेर येईन असं वाटत नाही गं मला."

"नको येऊस. मी आत येते."

सभागृहात गाणी सुरू झाली होती. एंडानं माझ्या खांद्यावर कपाळ टेकलं आणि हुंदके देत रडू लागला. त्याचा सगळा भार माझ्यावर आला. मी एका हातानं ओली भिंत घट्ट धरली, दुसऱ्या हातानं त्याला.