एनारची खाच

वेस पिकेटने प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर टाकली आणि खुर्ची ओढून बसला. पिशवीत झाडलेल्या काडतुसाची एक रिकामी पितळी पुंगळी होती.

"क्लेच्या फाटकासमोरच्या टेकाडावर सापडली. झुडपाखाली. बुड बघ तिचं."

वेस इथला शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख; मार्ला टोफ्टे त्याच्या हाताखालची अधिकारी. तिने पिशवी उजेडाकडे धरली. पुंगळीच्या बुडाच्या कडेला कानशीने मारलेली बारीक खाच होती.

"अख्ख्या गावाला ठाऊक आहे ही खाच कुणाची," वेस म्हणाला. "माझ्या नातीकडे असल्याच पुंगळीची शिटी आहे, तिच्यावरही हीच. एनारनेच करून दिली, दोरी ओवायला भोक पाडून."

सकाळी क्ले बर्डेट आपल्या कुरणाचं फाटक उघडायला गाडीतून उतरला आणि कुणीतरी लांबून त्याच्या छातीत गोळी घातली. माणूस जागच्या जागी गेला. एनार हॉगनची सून डीना उन्हाळ्यात रॉसला, म्हणजे एनारच्या एकुलत्या एका मुलाला, सोडून याच क्लेकडे राहायला गेली होती. आणि आठवड्यापूर्वी एनार कॅफेत चारचौघांसमोर म्हणाला होता, की क्ले आपल्यासमोर आला तर त्याचं काही खरं नाही. झालं. आणखी काय पाहिजे?

"एनारकाका पुंगळी मागे ठेवणार नाहीत," मार्ला म्हणाली. "पडल्या पडल्या उचलतात."

"माणूस मारल्यावर कोण पुंगळ्या वेचत बसतं?"

"आणि हिच्या मानेला, तोंडाजवळ, चीर आहे. केसाएवढी. असली पुंगळी ते पुन्हा दारू घालून भरत नाहीत."

"गोळी सुटताना तडकली असेल." वेसने डोळे चोळले. "मार्ला, तो तुझा कोण आहे ते मला माहीत आहे. तू या चौकशीत नसलीस तरी चालेल."

"मीच विचारणार त्यांना."

तिचा बाप लाकडाच्या ट्रकखाली गेला तेव्हापासून ती अर्धीअधिक एनारकाकांच्या शेडमध्येच वाढली होती. शिकारीचा मोसम जवळ आला की काका झाडलेल्या पुंगळ्यांचा ढीग तिच्यापुढे आणि रॉसपुढे ओतायचे. एका कारखान्याच्या एकीकडे काढायच्या. मग एकेक खिडकीशी धरून मानेला चीर आहे का बघायची. वाकवलेली तार आत घालून भिंत कुठे पातळ झालीय का ते चाचपायचं. उरलेल्या तराजूवर जोखायच्या, सारख्या वजनाच्या एकत्र. "हा स्फोट आपल्या गालाशेजारी होतो," काका म्हणायचे. "इथे भीडभाड नाही. बाद म्हणजे बाद." रॉस थोड्याच वेळात कंटाळून कुत्र्यामागे पळायचा. मार्ला बसून राहायची. निवडलेल्या पुंगळ्या फडताळात जायच्या, बाद झालेल्या दाराजवळच्या कॉफीच्या डब्यात. पोरांच्या शिट्ट्या व्हायच्या त्या याच डब्यातल्या.

एनार हॉगन टेबलापलीकडे टोपी मांडीवर घेऊन बसला होता. शेडमधून उचलून आणल्यामुळे अंगात अजून कामाचा एप्रन तसाच होता.

"सकाळी कुठे होतात, काका?"

"शेडमध्ये. या दिवसांत मी दुसरं काय करतो?"

"कुणी पाहिलं?"

"कुत्र्यानं. त्याची साक्ष काढ."

"शेडला कुलूप असतं?"

"कशाला? रविवारी रॉस जेवायला येतो, तोच काय तो शेडमध्ये डोकावतो. बाकी चिटपाखरू फिरकत नाही. पोरी, क्ले मला आवडत नव्हता हे खरंय. पण मी माणसावर बंदूक धरेन असं वाटतं तुला?"

वेसने पिशवी पुढे सरकवली. "ही टेकाडावर सापडली."

एनारने चष्मा लावला. पुंगळी खिडकीकडे धरली, मान बघितली. मग प्लॅस्टिकवरूनच बुडाच्या कडेवर अंगठा फिरवला. अंगठा खाचेवर थांबला आणि बराच वेळ तिथेच राहिला. मार्ला त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. बघता बघता म्हातारा दहा वर्षांनी म्हातारा झाला. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मीच मारलं त्याला," तो म्हणाला.

"आत्ता तर शेडमध्ये होतो म्हणालात."

"खोटं बोललो."

"मग पुंगळी का नाही उचललीत?"

"गुडघे. वाकवत नाही हल्ली."

"चीर गेलेली पुंगळी भरलीत कशी?"

"डोळे गेले माझे. किती प्रश्न विचारशील? लिहून घे आणि मला जरा पडू दे."

एवढं सगळं बोलताना त्याने तिच्याकडे एकदाही बघितलं नाही.

"संपलं," बाहेर आल्यावर वेस म्हणाला.

"रॉसकडे जाऊ या," मार्ला म्हणाली. "बापाने कबूल केलंय, मुलाला सांगायला नको?"

रॉस स्वयंपाकघरात बसला होता. दाढी वाढलेली, सिंकमध्ये भांड्यांचा ढीग. बातमी ऐकून त्याने तोंडावरून हात फिरवला.

"माझ्यासाठी केलं म्हाताऱ्यानं. हे सगळं माझ्यासाठी."

"तू सकाळी कुठे होतास?"

"इथेच. झोपलो होतो. यंदा बंदूक भिंतीवरून काढलीसुद्धा नाही बघ. डीना गेल्यापासून कशात मन लागतं?"

"काकांनी यंदाही काडतुसं भरून दिली असतील ना?"

"देणार नाही होय? ती काय, फ्रिजवर."

मार्लाने पेटी खाली घेतली. काकांची शिस्त तिला पाठ होती. भरलेलं काडतूस टोक खाली करून ठेवायचं आणि झाडून झालं की पुंगळी तोंड वर करून त्याच खणात. तिने झाकण उघडलं. पितळी बुडांच्या ओळी लखलखत होत्या. कोपऱ्यातल्या एका खणात मात्र उघडं तोंड होतं. तिने वाकून वास घेतला. जळक्या दारूचा वास अजून ताजा होता.

"गेल्या वर्षीची राहिली असेल," रॉस म्हणाला.

"काका पेटी पूर्ण भरून देतात. एकही खण रिकामा सोडत नाहीत. तुलाही माहीत आहे."

वेस दारात येऊन उभा राहिला होता.

"रॉस, ती खाच म्हणजे काय?" मार्लाने विचारलं.

"म्हाताऱ्याची खूण. सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना तसं वाटतं, कारण गावाने डब्यातल्या पुंगळ्याच पाहिल्यात. चांगल्या पुंगळ्या शेडबाहेर जातात कुठे? त्या तुझ्याकडे जातात आणि माझ्याकडे. माझ्या एकाही काडतुसावर खाच नाही. या पेटीत बघ, यातही नाही." तिने पेटी त्याच्यापुढे सरकवली. "पुंगळी बाद झाली की काका तिला कानस लावतात. चुकून पुन्हा कुणी भरू नये म्हणून. आपल्याला कितीदा सांगितलं त्यांनी. तू कुत्र्यामागे पळालेला असायचास."

वेस पुढे आला. "म्हणजे टेकाडावरची—"

"कधीतरी झाडली गेली, तडकली, बाद झाली आणि त्यानंतर तिला खाच पडली. खाच पडलेली पुंगळी काका पुन्हा भरणार नाहीत. म्हणजे आज सकाळी ती झाडलेली नाही, तिथे आणून ठेवलेली आहे. शिटीची नाही, कारण तिला भोक नाही. मग ती डब्यातली. आणि त्या शेडमध्ये बाहेरचा माणूस जातो तो एकच. बापाची पुंगळी तू झुडपाखाली ठेवलीस, रॉस. स्वतःची उचललीस, घरी आणलीस आणि तोंड वर करून पेटीत ठेवलीस. बापाने लावलेली सवय. तेवढी बरी राहिली तुझ्या हाताला. तुझ्या बंदुकीतल्या, काडतुसावर आदळणाऱ्या टाचणीचा ठसा तिच्या बुडावर असेलच."

रॉसने टेबलावर डोकं ठेवलं.

"पंचाहत्तरीच्या माणसाला कोण फाशी देणार होतं?" तो खालूनच म्हणाला. "लोकांना दया आली असती त्याची. मला कुणी सोडलं नसतं."

"खाचेवर बोट फिरताच त्यांना सगळं कळलं. पुंगळी कुठल्या डब्यातली आणि तिथे ठेवली कुणी, ते सगळं. आपल्याच पोराने आपल्याला अडकवलंय हे समजलं, आणि मग ते म्हणाले, मीच मारलं."

रॉस रडायला लागला. मार्लाला त्याला एक थोबाडीत द्यावीशी वाटली आणि जवळही घ्यावंसं वाटलं. तिने यातलं काहीच केलं नाही. बेड्या वेसने घातल्या.

दुपारी तिने कोठडीचं दार उघडलं. एनार बाकावर बसला होता. तिच्या तोंडाकडे बघूनच तो समजला.

"राहू दे ना, पोरी," तो म्हणाला. "माझा कबुलीजबाब आहे तुझ्याकडे. माझे असे किती दिवस उरलेत?"

"नाही राहू देता येणार, काका."

"तू मला नाही म्हणतेस?"

"तुम्हीच शिकवलंत. बाद म्हणजे बाद."

हे बोलून गेल्यावर तिला वाटलं, जीभ का झडली नाही. एनारने मान खाली घातली. बराच वेळ तो एप्रनची नाडी बोटाला गुंडाळत राहिला.

"आधी वाटलं, रागाच्या भरात काहीतरी केलं असेल," तो हळूच म्हणाला. "मग ती खाच लागली. इतकी वर्षं माझ्या शेजारी बसला गं. त्याला खाच कशाची तेसुद्धा ठाऊक नाही."

मार्ला त्याच्या शेजारी बसली. त्याच्या हातांना अजून पितळेचा वास येत होता.

"त्याच्या पेटीतली," त्याने विचारलं. "ज्यानं क्ले गेला ती. कशी होती?"

खोटं बोलावंसं तिला फार वाटलं.

"चांगली होती, काका. कुठे चीर नाही, काही नाही. यंदाच्या सगळ्यांत चांगल्यांतली असेल."

"असणारच. त्याची मी आधी निवडतो. मग तुझी, मग उरतील ती माझी." त्याने हात पुढे केला. "आण ती इकडे. आणि कानस आण."

"पुरावा आहे तो. हात लावता येणार नाही."

"मग खटला संपल्यावर. मी असलो नसलो तरी. तू मार तिच्यावर खाच. पुन्हा कुणी भरायला नको तिला."

"मारते," मार्ला म्हणाली, आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसून राहिली.